दहावीनंतरची सुट्टी: आधी दाखले, मग माणसं, शेवटी क्लास

दहावीच्या शेवटच्या पेपरला परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांपेक्षा पत्रकं वाटणारी पोरं जास्त असतात. सांगली असो, सातारा असो की कराड. भूगोलाचा पेपर कसा गेला हे सांगायच्या आत मुलाच्या हातात चार रंगीत कागद पडलेले असतात: फाउंडेशन बॅच, क्रॅश कोर्स, समर कॅम्प, स्पोकन इंग्लिश. आठवड्याभरात कुठेतरी फी भरली जाते. जूनमध्ये अर्ज भरताना कळतं की दाखला नाही आणि जुलैत कळतं की पोराला ती शाखाच नको होती.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. दर जूनमध्ये प्रवेशाच्या मदत टेबलावर माझी ड्युटी असते. तिथे रडकुंडीला आलेली मुलं हुशारीत कमी नसतात. त्यांच्या घरी कामांचा क्रम उलटा लागलेला असतो, एवढंच. तो सरळ कसा लावायचा ते पुढे टप्प्याटप्प्याने लिहितो.

## टप्पा १: तारखांचा कागद भिंतीवर लावा

२०२५ मध्ये दहावीचा शेवटचा पेपर १७ मार्चला झाला आणि निकाल १३ मेला लागला. म्हणजे हातात जेमतेम आठ आठवडे. त्यात गावची जत्रा, दोन-चार लग्नं आणि मामाच्या घरचे आठ दिवस वजा करा. उरलेले पाच आठवडे असे वाटा:

१. पहिला आठवडा: दाखले.
२. दुसरा आणि तिसरा: कामं बघणं, माणसांना भेटणं.
३. चौथा: कोणत्या शाखेतून कुठे जाता येतं ते कागदावर मांडणं.
४. उरलेले दिवस: अभ्यास, कोर्स किंवा शिबिर.

बहुतेक घरांत चौथ्याने सुरुवात होते आणि पहिल्याला कुणी हातच लावत नाही.

नववीतून दहावीत जाणाऱ्यांच्या घरी एक वेगळी चूक होते. चांगल्या शिबिरांचे अर्ज उन्हाळा सुरू होण्याआधीच संपलेले असतात. इस्रोचा ‘युविका’ हा नववीच्या मुलांसाठीचा निवासी कार्यक्रम मे महिन्यात असतो, पण नोंदणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होते. आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शनातला सहभाग असं सगळं मोजलं जातं आणि ग्रामीण भागातल्या शाळेच्या मुलांना त्याचे वेगळे गुण मिळतात. जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च इस्रो करतं. आटपाडी-माण-खटावकडच्या मुलांनी हा अर्ज भरलाच पाहिजे. भरत मात्र कुणी नाही, कारण वार्षिक परीक्षा संपेपर्यंत शाळेतही त्याची आठवण निघत नाही.

## टप्पा २: दाखले

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण टेबलावरची निम्मी रडारड इथलीच असते.

काय काय लागतं: शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका निकालानंतर मिळतात. बाकीचं आधी करता येतं: आधार, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आरक्षणातून अर्ज करायचा असेल तर जातीचा दाखला, आणि प्रवर्गानुसार नॉन-क्रिमीलेयर (घरचं उत्पन्न आरक्षणाच्या मर्यादेत असल्याचं) किंवा ईडब्ल्यूएसचं (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांचं) प्रमाणपत्र. अर्ज ‘आपले सरकार’ या शासनाच्या संकेतस्थळावरून स्वतः भरा नाहीतर सेतू केंद्रातून. उत्पन्न, अधिवास हे तहसील कार्यालयाचं काम, जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांचं.

चूक पहिली: जातीच्या दाखल्यासाठी चुकीच्या गावी अर्ज. तुम्ही वीस वर्षं सांगलीत राहत असाल, पण आजोबा जत तालुक्यातले असतील, तर दाखला मूळ गाव ज्या प्रांताच्या हद्दीत येतं तिथून काढावा लागतो. पुरावाही तिथलाच लागतो आणि तो जुना हवा. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांच्या आधीचा. बहुतेकांचं काम आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या प्राथमिक शाळेतल्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यावर होतं. तो मिळवायला शाळा उघडी हवी आणि मुख्याध्यापक जाग्यावर हवेत. मे महिन्यात दोन्ही अवघड. म्हणून हे काम मार्च-एप्रिलचं.

चूक दुसरी: नॉन-क्रिमीलेयरची तारीख न बघणं. या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. पुराव्यानुसार तो एक, दोन किंवा तीन वर्षांसाठी मिळतो, पण संपतो ३१ मार्चलाच. माझ्या घरची गोष्ट सांगतो. थोरलीचा दाखला कपाटात होता, लॅमिनेट केलेला. ‘आहे की आपल्याकडे’ म्हणून मी निवांत. अर्ज भरायला बसलो तेव्हा मुलीनेच खालची ओळ वाचून दाखवली. मुदत संपून अडीच महिने झाले होते. दिवसभर दुसऱ्यांचे दाखले तपासणारा माणूस मी! नवा हातात येईपर्यंत रोज संध्याकाळी सेतूत फेरी. काढताना तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे एकदम द्या, म्हणजे बारावीपर्यंत बघायला नको. आणि दाखले लॅमिनेट करू नका.

चूक तिसरी: नावं. आधारवर ‘दत्तात्रय’, शाळेत ‘दत्तात्रेय’. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, एका ठिकाणी सासरचं. जन्मतारखेत महिन्याच्या जागी दिवस. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती दहावीचा दाखला हातात पडल्यावर फार जड जाते, त्यामुळे दाखला लिहिला जाण्याआधी शाळेत जाऊन नोंद डोळ्यांनी बघा. ‘बरोबर आहे हो’ या क्लार्कच्या तोंडी शब्दावर परत येऊ नका.

चूक चौथी: जात पडताळणी म्हणजे बारावीनंतरचं काम असं समजणं. जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांचे पडताळणीचे अर्ज कॉलेजमार्फत जातात. समिती जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, साताऱ्यालाही आणि सांगलीलाही. अकरावीत पाऊल ठेवलं की पहिल्या तिमाहीत अर्ज टाका. बारावीच्या मे महिन्यात धावाधाव करणारे पालक मी दरवर्षी बघतो.

> सावधान: विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कामाच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेच्या मुद्रांकाची सक्ती नाही, ते शासनाने माफ केलेलं आहे. कुणी मागितला तर आधी विचारा, मग पैसे काढा.

तपासणी: जेवणाच्या टेबलावर सगळे कागद ओळीने मांडा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी मोठ्याने वाचायला लावा. आपलंच नाव आपण वाचत नसतो, ओळखत असतो.

## टप्पा ३: पंधरा दिवस काम बघा

‘करिअर मार्गदर्शन’ म्हटलं की आपल्याकडे हॉल, प्रोजेक्टर आणि चहा-बिस्किटं. तीन तासांत चाळीस करिअर. मुलाच्या लक्षात राहतं ते वक्त्याचं जॅकेट. त्यापेक्षा मुलाला तीन ठिकाणी, प्रत्येकी तीन-चार दिवस, काम चालू असताना नेऊन बसवा. आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत बघण्यासारखं इतकं आहे की पुण्याला जायची गरज नाही.

यंत्रांची आवड असेल तर कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतलं एखादं मशीन शॉप. साखर कारखाना मे महिन्यात बंद असतो म्हणून तो टाळतात, पण यंत्र बघायचं तर हेच दिवस. गाळप चालू असताना सगळं झाकलेलं आणि धावतं असतं. आता मिलचे रोलर उतरवलेले असतात, झिजलेल्या खाचा नव्याने पाडायचं काम चालू असतं, फिटर हातात बेअरिंग धरून सांगू शकतो. ओळखीच्या इंजिनिअरबरोबर, परवानगी काढून, लांबून बघायचं.

डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्याने मिरजेत चार दिवस काढावेत. कर्नाटकातूनही पेशंट येणारं गाव ते. डॉक्टरांच्या केबिनपेक्षा औषधांचं दुकान, पॅथॉलॉजी लॅब, फिजिओथेरपीचा विभाग इथे बसा. वैद्यकीय क्षेत्रात एमबीबीएस सोडून केवढं काम आहे ते तिथे दिसतं. रक्त बघून घेरी येते का, तेही आत्ताच कळलेलं बरं.

कॉमर्सवाल्यांसाठी सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे. व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, भाव बोलतो, आणि मग शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, हमाली, तोलाई वजा होऊन हातात काय पडतं ते मुलाने स्वतः लिहून काढावं. एक पट्टी नीट समजली की अकरावीच्या बुक-कीपिंगचे पहिले दोन धडे झालेच म्हणा. तासगावचे बेदाण्याचे सौदेही तसेच.

विटा-आटपाडीकडच्या मुलांचा मामा किंवा चुलता गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात परराज्यात असतो. सुट्टीत तिकडे जायची पद्धत आहेच. गेलात तर गल्ल्यावर बसा, हिशेब बघा, शुद्धता कशी मोजतात ते बघा. भट्टी आणि तेजाबापासून लांब.

> सावधान: १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामाला लावणं कायद्याने बंद आहे. आपण बघायला पाठवतोय, राबायला नाही. चालू यंत्राला हात लावायचा नाही, पायात बूट, फोन खिशात, विचारल्याशिवाय फोटो नाही.

प्रश्न कोणते विचारायचे ते मुलाला घरूनच लिहून द्या, नाहीतर तो कोपऱ्यात उभा राहून परत येतो:

१. तुम्ही काय शिकून इथे आलात, आणि त्यातलं रोज काय लागतं?
२. दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं?
३. माझ्या वयात असताना काय शिकायला हवं होतं असं वाटतं?

पगाराचा प्रश्न शेवटच्या दिवशी. पहिल्याच दिवशी विचारला की माणूस बंद होतो. एकदा एका मुलीने लेथवरच्या काकांना दुसरा प्रश्न विचारला. ते म्हणाले, “उभं राहणं.” तिच्या वहीत त्या दिवशी तेवढाच एक शब्द होता. पुढे ती डिप्लोमालाच गेली, पण सिव्हिलला.

तपासणी: रोज रात्री अर्धं पान. काय बघितलं, काय आवडलं नाही. तीन ठिकाणं झाली की नावडीची यादी वाचा, आवडीच्या यादीपेक्षा ती जास्त खरी असते.

## टप्पा ४: कोणत्या दारातून कुठे

मोठा कागद घ्या. डावीकडे दहावी, उजवीकडे तिसऱ्या टप्प्यात आवडलेली कामं. मधे रस्ते काढा. शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतलं हे कागदावर कुठेही येऊ द्यायचं नाही.

गणित सोडण्याआधी दहादा विचार. भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेऊन गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर बंद. एनडीएत (लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, नौदल-वायुदलाला मात्र भौतिक, रसायन आणि गणित लागतं. फार्मसी आणि बीएस्सी अ‍ॅग्रीला दोन्ही गटांतून जाता येतं, हे आपल्या भागात पुष्कळांना माहीत नसतं आणि अ‍ॅग्रीसाठी म्हणून उगाच गणित सोडलं जातं.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष नव्हे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात, ऐंशी टक्के बारावीचे. वैद्यकीयच्या ‘नीट’ला आणि इंजिनिअरिंगच्या जेईईला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, ‘नीट’मध्ये कापतात. तयारीची पद्धत यावरून बदलते, म्हणून दोन्ही परीक्षांची एकच बॅच विकणाऱ्याला हे आधी विचारा.

कॉमर्स: सीए फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा बारावीनंतर. त्यामुळे सुट्टीत घाईने पैसे भरायची गरज नाही.

डिप्लोमा आणि आयटीआय: अकरावीचा अर्ज भरला की हेही आपोआप होईल असं समजणारे दरवर्षी भेटतात. तिन्ही प्रवेशप्रक्रिया वेगळ्या, संकेतस्थळं वेगळी, तारखा वेगळ्या. मिरज किंवा कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनाची आशा असेल तर डिप्लोमाचा अर्ज निकालाची वाट न बघता समजून घ्या. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. घरात लवकर कमावतं कुणी हवं असेल तर हा रस्ता मला अकरावीपेक्षा सरळ वाटतो, भले नातेवाईक नाक मुरडोत.

> सावधान: शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. अकरावीला जमा केला आणि मग डिप्लोमाला नंबर लागला, तर तो परत मिळवण्यात मुदत निघून जाते. जमा करण्याआधी बाकीच्या दोन प्रक्रियांच्या तारखा बघा.

## टप्पा ५: आता कोर्स किंवा क्लास

इथवर आलात की पत्रकं पुन्हा काढा. निम्मी आपोआप गळतील.

पैसे भरण्याआधी विचारायच्या गोष्टी: शिकवणार कोण, आणि जाहिरातीतला फोटो त्याचाच आहे का? बॅचमध्ये मुलं किती? मधेच सोडलं तर पैसे परत किती, आणि ते लेखी कुठे आहे? केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार १६ वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलांना प्रवेश द्यायचा नाही, आणि पूर्ण फी भरून मधे सोडलं तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत द्यायचे. हे नुसतं बोलून दाखवलं तरी समोरच्याचा सूर बदलतो. पावती मात्र घ्याच. कॉलेज एका गावात, क्लास दुसऱ्या गावात आणि हजेरी कागदावर, असल्या सोयीत पडू नका. प्रयोगवहीच्या वेळी ती सोय फार गैरसोयीची होते.

फुकटातही पुष्कळ होतं. बालभारतीची अकरावीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मिळतात. ‘स्वयम्’वर अकरावी-बारावीच्या विषयांचे कोर्स आहेत. मे महिन्यात अकरावीचा अख्खा अभ्यासक्रम उरकायचा हट्ट नको. दहावीचं बीजगणित, त्रिकोणमिती आणि भौतिकातले प्रकाश-विद्युतचे धडे पक्के केले तरी जुलै सुसह्य जातो.

मराठी माध्यमाच्या मुलांचं खरं दुखणं वेगळं आहे आणि त्यावर कुणी बॅच काढत नाही. मुलाला विषय येत असतो, शब्द परका होतो. ऑगस्टमध्ये एक मुलगा मला म्हणाला, “सर, मोमेंटम म्हणजे काय ते कळेना.” मी म्हटलं, “संवेग.” तो हसला आणि व्याख्या घडाघडा म्हणाला. महिनाभर बिचारा वर्गात खाली मान घालून बसला होता. म्हणून सुट्टीत दोन रकान्यांची वही करा. डावीकडे दहावीचा शब्द, उजवीकडे अकरावीचा:

– चाल: स्पीड
– वेग: व्हेलॉसिटी
– त्वरण: अ‍ॅक्सिलरेशन
– विस्थापन: डिस्प्लेसमेंट
– अपवर्तन: रिफ्रॅक्शन
– नाभीय अंतर: फोकल लेंग्थ
– संयुजा: व्हॅलन्सी
– अप्रकट उष्मा: लेटंट हीट

रोज दहा शब्द, स्पेलिंगसकट. महिन्यात तीनशे होतात. याच्यापुढे स्पोकन इंग्लिशची बॅच मला दुय्यम वाटते.

## टप्पा ६: अकरावीचा अर्ज

२०२५-२६ पासून सगळ्या राज्यात अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झाला. आमच्या भागात त्याची सवय नाही. ‘बघू, सरांना भेटून होईल’ हे डोक्यातून काढा.

१. नोंदणी स्वतःच्या मोबाइल नंबरवर. नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकला की ओटीपीसाठी प्रत्येक वेळी त्याच्या दारात. पासवर्ड दाखल्यांच्या फाइलच्या आत, पहिल्या पानावर.

२. भाग एक: वैयक्तिक माहिती, प्रवर्ग, कागदपत्रं. प्रवर्ग चुकीचा टाकला तर पुढचं सगळं चुकतं. सबमिट करण्याआधी प्रिंट काढून वाचा.

३. भाग दोन: कॉलेजांचे पसंतीक्रम, कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १०. जागा गुणांवर वाटल्या जातात, अर्ज आधी केला म्हणून नाही. पहिल्या दिवशी संकेतस्थळ बसलं तर दुसऱ्या दिवशी भरा.

४. पहिला पसंतीक्रम जपून. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून हा नियम शब्दशः वाचा. ‘मोठं नाव पहिलं टाकू, नाहीतर बदलू’ म्हणणारे इथे अडकतात.

५. यादी लावताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. शिराळा, पाटण, जावळीकडच्या मुलांसाठी मागच्या वर्षीच्या कट-ऑफइतकंच हे महत्त्वाचं. प्रात्यक्षिक संपतं किती वाजता आणि शेवटची गाडी किती वाजता? मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना सवलतीचा. पण पास असून गाडी नसेल तर काय करणार? एकदा मुलाला घेऊन खरोखर त्या वेळेला स्टँडवर उभे राहा. पावसाळ्यात घाटातली गाडी रद्द होते का, ते कंट्रोलरला विचारा. तो खरं सांगतो.

तपासणी: यादीतल्या दहाही कॉलेजांबद्दल मुलाला एकेक प्रश्न विचारा, ‘इथे नंबर लागला तर जाशील?’ ज्याला उत्तर ‘बघू’ येईल ते नाव खोडा. दहा रकाने आहेत म्हणून दहा भरायचे नसतात.

प्रवेश पक्का झाल्याची पावती मिळाली की तिच्या दोन झेरॉक्स काढा. एक फाइलमध्ये, एक पासाच्या अर्जाला. पासाच्या खिडकीवर पहिल्या आठवड्यात रांग फाटकापर्यंत जाते, तेव्हा डबा घेऊन जा.